खान्देशातल्या कारखानदार मंडळींना खुलं पत्र : आधी मोजा, मग कॅपॅसिटर घ्या

प्रति,
जळगाव, भुसावळ, धुळे, नरडाणा, चाळीसगाव, नवापूर इकडच्या एमआयडीसीतले सगळे मालक, त्यांचे मॅनेजर आणि खास करून परचेसवाले

नमस्कार मंडळी,

परवा आमच्या भागातल्या काही मालकांची बैठक झाली, विषय लाईटचा. मशीन ट्रिप होतात, ड्राइव्हचे कार्ड उडतात, कॅपॅसिटर फुगतात, मोटरी जळतात. बैठकीत ठरलं ते असं की सगळ्यांनी मिळून आधीपेक्षा जास्त केव्हीएआरचे (केव्हीएआर म्हणजे मोटरीला चुंबकत्वासाठी लागणारी वीज, ती कॅपॅसिटर देतो आणि त्याची क्षमता त्यातच मोजतात) कॅपॅसिटर एकगठ्ठा घ्यायचे म्हणजे रेट चांगला मिळेल, सोबत कुठल्या तरी एजंटाचे ते पॉवर सेव्हरचे डबे प्रत्येक पॅनलला एक लावायचे, आणि वीज कंपनीला एक कडक निवेदन द्यायचं. फोटो ग्रुपवर आला, खाली सगळ्यांचे अंगठे. त्या फोटोत एकही इलेक्ट्रिकलवाला दिसला नाही मला. ज्याला रात्री दोन वाजता फोन जातो तो कोणी बोलावलाच नव्हता.

मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझर आहे. चटईचे प्लांट, पाईपचे प्लांट, डाळ मिल, जिनिंग, फाउंड्री, सगळीकडचे पॅनल उघडून पाहिलेत. नाव लिहीत नाही कारण पोट याच धंद्यावर आहे आणि कोणाच्या युनिटचंही नाव घेत नाही, ज्याचं त्याला कळेल. पण तो ठराव वाचून गप्प बसवत नाही, कारण त्या एकगठ्ठा घेतलेल्या कॅपॅसिटरसमोर उभं राहायचं आहे आमच्या पोरांना.

का म्हणतो ते सांगतो. मागच्या उन्हाळ्यात एका युनिटमधे धुळ्याकडचा एक पोरगा एपीएफसी पॅनलचा (गरजेप्रमाणे कॅपॅसिटर आपोआप आत-बाहेर करणारं पॅनल) फ्यूज बदलायला गेला. फ्यूज वारंवार उडायचा म्हणून मॅनेजरने आधीच वरच्या रेटिंगचा टाकायला लावला होता, आणि एका फेजला तर चक्क तार बांधलेली. पॅनल ऑटोवर, पोराने दार उघडलं तेवढ्यात शेजारचा स्टेप (कॅपॅसिटरचा एक गट) आत आला आणि डबा फुटला. मला त्याच्या जोडीदाराचा फोन आला, "भाऊ, कॅपॅसिटर फुटना (फुटला), तुम्ही लवकर या." कोपरापासून मनगटापर्यंत हात भाजला होता. मी पोचलो तेव्हा शेडमधे तो जळक्या तेलाचा घशात बसणारा वास, कॉन्टॅक्टरच्या टिपा वितळून एकमेकींना चिकटलेल्या, लगवरची स्लीव्ह कोळसा झालेली, आणि उरलेल्या डब्यांची झाकणं पुरीसारखी वर आलेली. म्हणजे ते सगळेच रांगेत उभे होते, पहिला नंबर कोणाचा एवढंच बाकी होतं. तिथं दुसऱ्या दिवशी काय झालं? त्याच कंपनीचे, त्याच साईजचे नवीन कॅपॅसिटर बसले, आणि पोराचा चार दिवसांचा खाडा धरला.

हे पहिलं गाऱ्हाणं. कॅपॅसिटर फुटला की तुम्ही कॅपॅसिटर बदलता, का फुटला ते कोणी विचारत नाही. मालकाला वाटतं माल हलका होता, वायरमनला वाटतं नशीब, आणि विकणारा तर खुश, दर वर्षी ऑर्डर.

आता जरा थांबून हे वाचा, कारण सगळा घोळ इथं आहे. आपल्या प्लांटमधे आता जिकडं तिकडं व्हीएफडी आहेत, म्हणजे मोटरीचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह, एक्स्ट्रूडरला ड्राइव्ह, लूमला ड्राइव्ह, पंपाला ड्राइव्ह, फाउंड्रीत इंडक्शन फर्नेस. साधा सिक्स पल्स ड्राइव्ह सरळ गुळगुळीत करंट घेत नाही, तो लचके तोडल्यासारखा घेतो, आणि त्यातून ५० हर्ट्झच्या करंटमधे २५०, ३५०, ५५०, ६५० हर्ट्झचे करंट मिसळतात, यालाच पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा हार्मोनिक म्हणतात. चोक (करंट गुळगुळीत करणारी कॉईल) नसलेल्या ड्राइव्हमधे हे प्रमाण ७०-८० टक्क्यांवरही जातं, ३ टक्क्यांची लाईन चोक लावली की ४० च्या आसपास येतं. आणि कॅपॅसिटरचा स्वभाव असा की फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितका तो करंटला जास्त रस्ता देतो. म्हणजे प्लांटमधला सगळा केरकचरा धावत जातो तो कॅपॅसिटरमधेच.

यापेक्षा वाईट म्हणजे रेझोनन्स. ट्रान्सफॉर्मर आणि कॅपॅसिटर मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला झुलायला लागतात आणि त्या फ्रिक्वेन्सीचा करंट कितीतरी पट फुगतो. ती फ्रिक्वेन्सी काढायला इंजिनिअर लागत नाही. तुमचा ट्रान्सफॉर्मर १००० केव्हीएचा, इम्पीडन्स ५ टक्के, तर शॉर्ट सर्किट लेव्हल झाली १००० भागिले ०.०५, म्हणजे २०,००० केव्हीए. त्याला कॅपॅसिटरच्या केव्हीएआरने भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं, बस. ४०० केव्हीएआर आत असतील तर २०,००० भागिले ४०० म्हणजे ५०, वर्गमूळ ७ च्या थोडं वर. म्हणजे नेमका सातवा हार्मोनिक, जो तुमचेच ड्राइव्ह रात्रंदिवस तयार करताहेत! आता बैठकीत ठरल्याप्रमाणे अजून कॅपॅसिटर वाढवा, हा आकडा सातवरून खाली सरकत पाचकडं जातो, आणि पाचवा हार्मोनिक तर सगळ्यात मोठा. ८०० केव्हीएआरला बरोबर पाच. एपीएफसी पॅनल दिवसभर स्टेप आत-बाहेर करत असतं, म्हणजे हा आकडाही दिवसभर फिरत असतो, म्हणूनच ते दुपारी ठीक चालतं आणि रात्री अकराला फुटतं आणि कोणाला काही टोटल लागत नाही. तुम्ही जास्त कॅपॅसिटर घेण्याचा जो ठराव केला तो आजार वाढवायचा ठराव आहे, मी यापेक्षा सौम्य शब्दात सांगू शकत नाही.

याच्यावर औषध काही नवीन नाही. डीट्यून्ड रिअ‍ॅक्टर. कॅपॅसिटरच्या आधी सिरीजमधे ७ टक्क्यांचा, म्हणजे एका कॉईलचा, रिअ‍ॅक्टर टाकला की त्या जोडीची फ्रिक्वेन्सी १८९ हर्ट्झवर बसते, पाचव्याच्या म्हणजे २५० च्या खाली, मग तो पाचव्या सातव्याशी झुलत नाही. पण इथंही परचेसवाले पैसे वाचवतात, रिअ‍ॅक्टर घेतात आणि कॅपॅसिटर जुने ४४० व्होल्टचेच ठेवतात. रिअ‍ॅक्टर लावला की कॅपॅसिटरवरचा व्होल्टेज वाढतो, ४४० चा ४७३ होतो, म्हणून तिथं ४८० किंवा ५२५ व्होल्टचाच कॅपॅसिटर लागतो. अर्धं औषध घेतल्यावर गुण कसा येणार.

दुसरं गाऱ्हाणं बिलाचं. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात एचटी (हाय टेन्शन, म्हणजे ११ केव्ही वगैरेवर वीज घेणाऱ्या) ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर आलं, म्हणजे नुसत्या युनिटवर नाही, पॉवर फॅक्टर (लाईनवरून घेतलेल्या विजेतली कामाला लागलेली किती, ते प्रमाण) धरून. त्याआधी तो चांगला असला की सूट आणि खाली गेला की दंड असा हिशोब होता. तेव्हापासून मालक लोकांना एकच आकडा दिसतो, पॉवर फॅक्टर वन पाहिजे, वन. फोनवर पहिला प्रश्न तोच. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, कॅपॅसिटर गरजेपेक्षा जास्त झाले की पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला जातो, त्याला लीडिंग म्हणतात, तेही बिलात धरतात, म्हणजे रात्री लोड नाही आणि कॅपॅसिटर मॅन्युअलवर आत राहिले तर ते वाचवत नाहीत, वाढवतात, शिवाय व्होल्टेजही वर ढकलतात. दोन, कॅपॅसिटर फक्त ५० हर्ट्झचा पॉवर फॅक्टर सुधारतो. करंटमधे ४० टक्के हार्मोनिक असेल तर खरा पॉवर फॅक्टर ०.९३ च्या वर जाऊच शकत नाही, तुम्ही गोदामभर कॅपॅसिटर लावा. कंट्रोलर वन दाखवतो म्हणून खुश राहायचं असेल तर रहा.

आणि ज्यांनी शेडवर सोलर बसवलं त्यांचे तर मला खास फोन येतात, "अरे सोलर लावल्यावर पॉवर फॅक्टर कसा पडला?" अहो पडणारच. सोलर तुमचे किलोवॉट देतं, मोटरींना लागणारे केव्हीएआर अजूनही लाईनवरूनच येतात, मग मीटरला दिसणारं प्रमाण बिघडतं. यात कोणी फसवलेलं नाही, फक्त सोलर लावताना एपीएफसीचा विचार कोणी केला नव्हता.

पॉवर सेव्हरच्या डब्यावर जास्त शाई घालवत नाही. एक डबा मी स्वतः उघडला, आत दीड बोटाचा कॅपॅसिटर, दोन हिरव्या एलईडी आणि वजन यावं म्हणून ओतलेलं काळं रसायन. पाचशे केव्हीएच्या प्लांटला त्याने काय होणार. ते पैसे वायरमनच्या हातमोज्यांना द्या.

तिसरं गाऱ्हाणं व्होल्टेजचं, आणि इथं वीज कंपनीचीही बाजू आणि आपलीही बाजू आहे. निवेदन जरूर द्या, फिडरवर झाड पडलं, इन्सुलेटर फुटला की शेजारच्या फिडरलाही डिप (क्षणभर व्होल्टेज पडणं) बसतो, ते त्यांनी सुधारायलाच पाहिजे. पण हे बघा, वीज नियमांत एचटीला ६ टक्के वर आणि ९ टक्के खाली ही मर्यादा चालत आलेली. ११ केव्हीला ६ टक्के वर म्हणजे ११.६६ केव्ही. आपला ट्रान्सफॉर्मर ११ केव्ही ते ४३३ चा, टॅप (व्होल्टेज थोडा कमी-जास्त करायची सोय) नॉर्मलवर, तर एलटीला, म्हणजे आपल्या कमी दाबाच्या बाजूला, झाले ४५९ व्होल्ट. म्हणजे पुरवठा नियमात बसतो आणि तुमचा ४४० चा कॅपॅसिटर तरी भाजून निघतो, त्याचे केव्हीएआर ९ टक्क्यांनी वाढतात. याला निवेदन काय कामाचं? याला टॅप बदलायला लागतो, अडीच टक्क्यांचा एक टॅप, शटडाऊन घेऊन तासाभराचं काम. मी किती ट्रान्सफॉर्मरवर पाहिलंय की बसवल्या दिवसापासून टॅपच्या हँडलला कोणी हात लावलेला नाही, रंगसुद्धा शाबूत.

वर आपल्याकडचा मे महिना. कॅपॅसिटर चांगल्यातला चांगला घेतला, डी क्लासचा, तरी त्याला जास्तीत जास्त ५५ डिग्री आणि चोवीस तासांची सरासरी ४५ डिग्री एवढंच चालतं. जळगाव-भुसावळला बाहेर ४५ असतं तेव्हा पत्र्याच्या शेडमधे बंद पॅनलच्या आत काय असेल? जिनिंगमधे तर पॅनलच्या फॅनच्या जाळीवर रुई बसून गादी झालेली असते, फॅन फिरतोय पण हवा शून्य. मी एकदा ती गादी सोलून मॅनेजरच्या टेबलावर ठेवली, तो म्हणाला सरकीत टाक.

चौथं, डिप आणि ट्रिपिंग. तुम्हाला वाटतं लाईट गेली. लाईट जात नाही, पाच-सहा सायकलपुरता व्होल्टेज बसतो, एक सायकल म्हणजे २० मिलीसेकंद, डोळ्याला फक्त बल्ब मिचकल्यासारखा दिसतो. पण तेवढ्यात कॉन्टॅक्टरची कॉईल सोडते, ड्राइव्ह अंडर व्होल्टेज दाखवून थांबतो, आणि पीव्हीसीच्या एक्स्ट्रूडरमधे माल जागेवर जळायला लागतो, बॅरल साफ करता करता पूर्ण शिफ्ट जाते, चटईच्या लूमवर धागे तुटतात ते वेगळे. यावर काही मालक अख्ख्या प्लांटला स्टॅबिलायझर घ्यायला निघतात. अरे, आधी फक्त कंट्रोल सप्लायला छोटा ऑनलाईन यूपीएस द्या, कॉन्टॅक्टरला ऑफ डिले द्या, ड्राइव्हमधे ऑटो रिस्टार्ट आणि फ्लाईंग स्टार्टचं पॅरामीटर असतं ते जिथं सेफ्टीला चालतं तिथं चालू करा. निम्मं ट्रिपिंग तिथंच संपतं हा माझा अनुभव आहे.

पण यात मला खटकतं ते वेगळंच. ट्रिप झालं की दंड ऑपरेटरला. "तूच बटण दाबलं असशील." एका युनिटमधे तर ट्रिपिंगमागं इन्सेंटिव्ह कापायची पाटी लावली होती. ज्या पोराला हर्ट्झ म्हणजे काय हे कोणी शिकवलं नाही त्याच्या पगारातून डिपचे पैसे कापणं बरोबर आहे का, तुम्हीच सांगा.

अजून बारीकसारीक भरपूर आहे, पटकन सांगतो. न्यूट्रल. ऑफिसचे कॉम्प्युटर, एलईडी, सिंगल फेज माल यांचा तिसरा हार्मोनिक तिन्ही फेजचा न्यूट्रलमधे एकत्र बेरीज होतो, कमी होत नाही, आणि आपण न्यूट्रल अर्ध्या साईजची टाकतो. डीजी (डिझेल जनरेटर) चालू असताना कॅपॅसिटर आतच, मग डीजीचा व्होल्टेज हेलकावे खातो आणि शिव्या डीजीवाल्याला. डाळ मिलमधे सगळं वेल्डिंग आणि एसी एकाच फेजवर, तीन फेजच्या व्होल्टेजमधे ३ टक्के फरक पडला तरी मोटरचं तापणं साधारण १८ टक्क्यांनी वाढतं, मग रिवाइंडिंगवाल्याचं घर चालतं. आणि टाँगटेस्टर! साधा स्वस्तातला टाँगटेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर) ड्राइव्हच्या करंटला बराच कमी आकडा दाखवतो, ट्रू आरएमएस पाहिजे, म्हणजे वाकड्यातिकड्या करंटचाही खरा आकडा दाखवणारा. मालक म्हणतो केबल गरम कशी, मीटर तर बरोबर दाखवतंय.

शेवटी सगळं एकाच गोष्टीवर येतं, आपल्याकडं कोणी मोजतच नाही. समोर दीपनगरला ५०० मेगावॉटचे औष्णिक संच उभे आहेत, साक्रीकडं शिवाजीनगरला २०१३ पासून १२५ मेगावॉटचं सोलर आहे, वीज तयार होण्यात खान्देश मागं नाही. पण कुंपणाच्या आत आल्यावर त्या विजेचं आपण काय करतो त्याची एक नोंद नाही. वीज कंपनीकडं निवेदन घेऊन जाल तेव्हा साहेब पहिलं विचारतील, डिप कधी आला, किती आला, किती वेळ टिकला, आणि तुमच्याकडं उत्तर काय? "साहेब, खूप त्रास आहे." नियामक आयोगाने २०२१ मधे सप्लाय कोडचे जे विनियम काढले त्याच्या नावातच पॉवर क्वालिटी आहे, म्हणजे भांडायला जागा आहे, पण कागद लागतो. आणि हेही ध्यानात ठेवा की हार्मोनिकची मर्यादा ग्राहकालाही लागू आहे, केंद्रीय वीज प्राधिकरणाचे ग्रिड जोडणीचे नियम आयईईई ५१९ या हार्मोनिकच्या मानकाकडं बोट दाखवतात. उद्या वीज कंपनीने तुमच्या गेटवर अ‍ॅनालायझर लावला तर तुम्हीच शेजाऱ्याला त्रास देताय असं निघायला नको.

म्हणून मागण्या, सरळ.

एकगठ्ठा कॅपॅसिटर आणि पॉवर सेव्हरची ऑर्डर थांबवा. ज्याने टोकन दिलंय त्याने टोकन सोडून द्या, स्वस्तात सुटाल.

संघटनेच्या पैशातून वर्गणी काढून एक चांगला क्लास ए चा पॉवर क्वालिटी अ‍ॅनालायझर घ्या. एकट्याला महाग पडतो, पंधरा-वीस युनिटमधे काही नाही. प्रत्येक युनिटच्या मेन इनकमरला पूर्ण सात दिवस लावा, सुट्टीच्या दिवसासकट, आणि त्याचा रिपोर्ट वाचल्याशिवाय कोणतंही पॅनल घेऊ नका. सोबत वीज कंपनीकडून आपल्या मीटरचा एमआरआय डेटा (मीटरमधून काढलेल्या नोंदी) मागून घ्या.

जिथं ड्राइव्ह आणि फर्नेसचं लोड जास्त तिथं बिनरिअ‍ॅक्टरचं एपीएफसी बंद. नवीन ड्राइव्हच्या परचेस ऑर्डरमधे चोक लिहूनच घ्या, नंतर लावू म्हणू नका, नंतर कोणी लावत नाही. रिपोर्टमधे गरज दिसली तरच अ‍ॅक्टिव्ह फिल्टरचा खर्च करा, विकणाऱ्याच्या ब्रोशरवरून नाही.

पॅनलवर काम करायचं तर शटडाऊन द्या. लिहून द्या. दहा मिनिटांच्या प्रॉडक्शनसाठी चालू पॅनल उघडायला लावू नका, कॅपॅसिटर बंद केल्यावरही डिस्चार्ज व्हायला वेळ लागतो आणि रेझिस्टर तुटलेला असेल तर तो डबा भरलेलाच असतो. एचआरसी फ्यूजच्या जागी तार दिसली तर मॅनेजरला जबाबदार धरा, वायरमनला नाही. हातमोजे, फेसशील्ड, डिस्चार्ज रॉड हे स्टोअरच्या कपाटात कुलपात नाही, पॅनलपाशी पाहिजेत.

ट्रिपिंगवरून पगार कापणं आजपासून बंद करा. आणि ज्या पोराचा हात भाजला त्याचा खाडा परत द्या, त्या मालकांना मी वेगळं सांगायची गरज नाही, ते हे वाचतील.

पुढच्या बैठकीला प्रत्येक युनिटचा एक वायरमन नाहीतर सुपरवायझर सोबत आणा. मागं उभं नाही, खुर्ची द्या. मीही येतो, अ‍ॅनालायझर कसा लावायचा, सीटीची (करंट मोजायच्या सेन्सरची) दिशा उलटी लागली तर काय दिसतं, रिपोर्टमधला कोणता आकडा आधी बघायचा, हे सगळं फुकट दाखवतो. आयटीआयची दोन-चार पोरं तयार केली तर संघटनेलाच कायमचे माणसं मिळतील.

पाईप आणि चटईवाल्यांनी लगेच चालू करायला हरकत नाही, त्यांचं लोड बारा महिने सारखं. जिनिंगवाल्यांनी मात्र दिवाळीनंतर सीझन भरात आला की लावा, बंद मिलमधे मोजून काही सापडत नाही.

आपला,
एक इलेक्ट्रिकल सुपरवायझर, जळगाव